बर्फावर ओतलेली चित्रे

ज्यांच्या हाती आपण आपली मुले सोपवतो, त्यांच्या हाती त्या मुलांना शिकवण्याची साधनेही द्यावीत, हा व्यवहार इतका सरळ आहे की तो कोणी मुद्दाम सांगावा असेही नाही. परंतु मुले सोपवायची, साधने द्यायची नाहीत, आणि पुढे तीच साधने मिळवण्यासाठी त्या गुरुजनांना चारचौघांदेखत गुडघ्यांवर आणून त्या दृश्याला टाळ्या वाजवायच्या, असे जेथे घडते, तेथे अन्याय झाला एवढे म्हणून भागत नाही. अन्यायाने राग येतो, आणि राग तसा स्वच्छ असतो. या प्रकारातून जे उत्पन्न होते ते घशाशी येऊन बसते आणि पाण्याच्या घोटाने खाली जात नाही. आयली कोस्केला हिच्या घशाशी ते एका फेब्रुवारीत आले, आणि त्यातला निम्मा भाग तिचा स्वतःचा होता, हे तिला मान्य करावे लागले.

आयली टॅमरॅक गावच्या प्राथमिक शाळेत शिकवत असे. मिनेसोटाच्या उत्तरेस लोखंडाच्या खाणींच्या कडेला वसलेले ते गाव. तिचे आजोबा फिनलंडहून येऊन तिथल्या खाणीत उतरले, वडीलही उतरले, आयली मात्र शाळेच्या लांबलचक बोळाच्या टोकाशी असलेल्या खोलीत गेली आणि तिथेच तिचे केस पांढरे झाले. इतर वर्गांच्या चालीने ज्यांना चालता येत नाही, अशी मुले त्या खोलीत येत. निका ही त्यांतली एक. वय आठ. ती बोलत नसे.

बोलत नसे म्हणजे तिला काही सांगायचे नसे, असे नव्हे. शाळेत आली तेव्हा तहान लागली की ती जमिनीवर आडवी होऊन डोके आपटे, आणि नकोसे झाले की स्वतःच्या मनगटाला कडकडून चावे. आयलीने तिच्यासाठी चित्रांची कार्डे केली. न्याहारीच्या मक्याच्या पोह्यांच्या रिकाम्या खोक्यांचा पुठ्ठा कापला, त्यावर काळ्या शाईने चित्रे काढली, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी ओढली आणि ती सारी एका कडीत ओवून निकाच्या कमरपट्ट्याला अडकवली. चित्रे निकाच्याच वस्तूंची होती. पाण्याच्या कार्डावर तिचा पोचा पडलेला निळा कप होता; स्वच्छतागृहाच्या कार्डावर हिरव्या कडीचे ते एकच दार होते, जे सोडून दुसऱ्या दारातून ती जात नसे. कडीत सर्वांत शेवटी लाल तळव्याचे कार्ड होते. त्याचा अर्थ ‘पुरे’.

शरद ऋतूपासून निका कप दाखवू लागली, दार दाखवू लागली. डोके आपटणे थांबले. लाल तळवा मात्र तिने आपणहून कधीच उचलला नाही. आयली तो तिच्या बोटांत ठेवी, तिच्या हाताने वर उचलवी, आणि वर झाला की जे काही चालले असेल ते त्याच क्षणी थांबवी. गाणे अर्ध्यावर, घास अर्ध्यावर. निका पाहत राही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मनगटाला चावे.

एक दोष त्या कार्डांत होता, आणि तो लहान नव्हता. निका ती चघळत असे. चिकटपट्टीच्या कडा सुटत, लाळ आत शिरे, पुठ्ठा फुगे, आणि हिवाळा अर्धा सरेपर्यंत त्या पुठ्ठ्यात करड्या ठिपक्यांची वसाहत झाली होती. कडी हातात घेतली की नासलेल्या दुधाचा दर्प येई. आयलीने नवी कार्डे केली की तीही पंधरवड्यात तशीच होत.

मुख्याध्यापक डुएन हॅगन याने तिला खोलीत बोलावले. डुएन मनमिळाऊ होता, पूर्वी आइस हॉकी शिकवत असे, आणि वाईट बातमी सांगताना पेन फिरवत असे. पेन फिरत होते.

“आयली, बस की जरा. त्या निकाच्या कार्डांचं... नर्सबाईंनी लिहून दिलंय. बुरशी आहे त्यांवर. पुढच्या सोमवारपासून वर्गात नकोत.”

“खरंच आहे ते,” आयली म्हणाली. “मलाही हात लावताना किळस येते. धुता येणाऱ्या कार्डांचा चित्रफलक मिळतो, तो मागव.”

“यंदाचे पैसे संपले ना. जुलैनंतर नक्की बघू.”

“जुलैपर्यंत ती पोर पाणी कसं मागणार, डुएन?”

डुएनने खिडकीबाहेर पाहिले, जणू उत्तर बर्फात कुठे तरी उभे असावे. “तू काही तरी युक्ती काढशीलच गं. तुझ्याकडे नेहमी असते. म्हणून तर तुझ्यासारखी दुसरी नाही.”

ही स्तुती आयलीने या खोलीत वर्षानुवर्षे ऐकली होती. कधी एखादी वस्तू मागितली की वस्तूऐवजी ती मिळे.

तिने शोध सुरू केला. शैक्षणिक साहित्याच्या सूचीपत्रात हवा तसा फलक होता, पण त्याची किंमत वाचून तिने पान उलटले, आणि मग चूक वाचली असेल म्हणून परत उलटून पाहिले. चर्चच्या तळघरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गेली. तिथे अर्धी अक्षरे हरवलेली लाकडी मुळाक्षरे होती, आणि कोणाच्या तरी पोराने चाटून रंग उडवलेली फळांची चित्रे. त्यांना मांजराच्या मुताचा वास येत होता. शेवटी ती शाळेच्याच कोठारात गेली. कोपऱ्यात भल्या मोठ्या पडद्याचे एक यंत्र पांढऱ्या चादरीखाली उभे होते. बोटाने स्पर्श केला की त्यावर चित्रे उमटत, असे ते आले त्या दिवशी सर्वांनी पाहिले होते. फीत कापली होती, फोटो निघाले होते. मग त्याची वार्षिक फी कोणी भरली नाही आणि चित्रे उमटायची थांबली. निकासारख्या कितीतरी मुलांना आयुष्यभर पुरतील एवढ्या फलकांचे पैसे त्या चादरीखाली मरून पडले होते. आयलीने चादर उचलली, उंदराच्या लेंड्या पाहिल्या, आणि ती पुन्हा खाली सोडली.

तेव्हा डुएननेच बोळात तिला गाठले.

“अगं, शनिवारी ये की! हॉकीच्या सामन्याच्या मध्यंतरात आपल्या शिक्षकांचा खेळ ठेवलाय. तो मोटारींचा दुकानदार आहे ना, त्याने कुठल्याशा गोदामातून शाळेच्या सामानाचा ट्रकभर माल उचललाय. रिंगणाच्या मध्यावर ओतायचा. भोंगा झाला की धावायचं, दुसरा भोंगा होईपर्यंत जे हातात, ते आपलं! आणि त्यात चित्रफलक आहे. धुता येणारा. मी स्वतः पाहिलाय, लाल झाकणाच्या खोक्यात.”

“तुला तो दिसला, तर तू तो बाजूला का नाही काढून ठेवलास?”

“मग खेळ कसला?” डुएन खरोखरच गोंधळून म्हणाला.

टॅमरॅकच्या रीतिभातींत एक रीत अशी आहे की ताटलीतला शेवटचा तुकडा कोणी घेत नाही. शिक्षकांच्या खोलीत सोमवारी कोणी तरी घरचा केक आणून ठेवतो. तुकडे संपत येतात, एक उरतो. मग जो येतो तो त्याचा अर्धा कापून घेतो, पुढचा त्या अर्ध्याचा अर्धा, आणि शुक्रवारी नखाएवढा वाळका कण ताटलीत एकटा बसलेला असतो, तो झाडणारी बाई टाकून देते. तसेच, मला अमुक हवे, असे म्हणणे तिथे असभ्य समजतात. विचारले तर नको म्हणावे, पुन्हा विचारले तर पुन्हा नको म्हणावे. ही त्यांची विनयशीलता, आणि तिच्यात पुष्कळ सौंदर्यही आहे.

त्या खोलीत मार्नी झालार कॉफी ओतत होती. मार्नी पहिलीच्या वर्गाला शिकवत असे. ती लहानपणी आयलीच्याच हाताखाली वाचायला शिकलेली, त्यामुळे आता एकाच शाळेत एकाच पगारपत्रकावर असूनही तिच्या तोंडून ‘आयली’ कधी निघाले नाही.

“बाई, शनिवारी येताय तुम्ही?”

“बघू. थंडी फार आहे. तू?”

“जाईन म्हणते. गंमत म्हणून.”

“तुला काही हवंय का त्यातलं?”

“छे हो, मला काय लागतं! तुम्हाला?”

“मला? काही नको बाई.”

मार्नीने ताटलीतल्या उरलेल्या तुकड्याचा अर्धा कापला, अर्धा तिथेच ठेवला, आणि दोघी आपापल्या वर्गांकडे गेल्या.

शनिवारी संध्याकाळी सारे गाव बर्फाच्या रिंगणाभोवती जमले. कांदा, सांडलेली बिअर आणि वर्षानुवर्षे न धुतलेले हातमोजे यांचा एकवटलेला वास छताखाली कोंडला होता. पहिल्या रांगेत, काचेलगत, निका तिची आई दारला हिच्याशेजारी बसली होती. बर्फ गुळगुळीत करणारे यंत्र फिरताना पाहणे हा निकाचा सर्वांत मोठा आनंद, म्हणून दारला तिला तिथे आणी. कानांवर आवाज अडवणारी जाड आवरणे होती. कमरेला कडी होती. कार्डांची मुदत सोमवारपर्यंत होती.

मध्यंतर झाले. शिक्षकांना शिरस्त्राणे वाटण्यात आली. आयलीच्या वाट्याला आलेले आतून ओले होते. ते घातल्यावर कोणा अनोळखी पुरुषाचा घाम तिच्या कपाळावर बसला. तिच्या पाठीवर कोणी तरी आकडा लावला. ट्रक मागे मागे येत रिंगणाच्या मध्यावर उभा राहिला आणि त्याने आपले पोट उघडले. नकाशे, घड्याळांच्या तबकड्या, रंगीत ठोकळे, अक्षरांचे तक्ते, सारे खडखडत बर्फावर पडले. मण्यांचे एक पोते फुटले आणि मणी चहूकडे पळत सुटले. सरस्वतीची उपकरणे उकिरड्यासारखी ओतलेली पाहून कोणालाही वाईट वाटले नाही. लोक हसले.

“आपले शिक्षक म्हणजे गावाचा कणा!” निवेदक ध्वनिक्षेपकातून गर्जला. “तर बघू या, कण्यात किती जोर आहे!”

“ओ कोस्केलाबाई!” वरच्या रांगेतून कोणी ओरडले. “मला नापास केलं होतंत ना? आता पळा!”

“अरे, त्या पळतील रे, तू अजून त्याच इयत्तेत आहेस!”

पुन्हा हशा. आणि भोंगा झाला.

साध्या बुटांनी बर्फावर धावता येत नाही. घसरता येते, आपटता येते, आणि मणी पायाखाली आले की दोन्ही एकदम होते. ग्रंथपाल पृथ्वीगोलावर पोट टेकून पालथा झाला होता आणि कोणाला तो ओढू देत नव्हता. गाणे शिकवणारी बाई हनुवटीखाली तक्ते दाबून हातांनी ठोकळे उपसत होती, आणि प्रत्येक ठोकळ्याबरोबर एक तक्ता निसटत होता. हे सारे लोक ताटलीतला शेवटचा तुकडा न घेणारे होते. आयलीने हे पाहिले, आणि ती त्यांच्यात घुसली.

लाल झाकण तिला नकाशाखाली दिसले. तिने त्यावर झडप घातली. खोक्याच्या दुसऱ्या टोकाला त्याच क्षणी दुसरे दोन हात पडले. तिने चेहऱ्याकडे पाहिले नाही. तिने ओढले, ते हात सुटेनात, तिने गुडघा टेकून कोपर पुढे केले.

“सोड!” असे कोणी तरी ओरडले. तो आवाज आपलाच आहे, हे तिला जरा उशिरा कळले.

“बाई...”

हा शब्द तिने ऐकला. तो कोणाचा, हेही तिला कळले. या गावात तिला अशी हाक मारणारी जी मुलगी एकेकाळी तिच्या मांडीवर बसून अक्षरावर बोट ठेवायला शिकली, तिचाच तो आवाज होता. आणि हे कळल्यानंतरही आयलीने ओढले. पुढे आयुष्यभर तिला या सगळ्या प्रकारात सर्वांत किळसवाणे जे वाटत राहिले ते हेच.

खोके मधोमध फाटले. मार्नी मागे पडली, तिचा ओठ शिरस्त्राणाच्या कडेवर आपटून फुटला, आणि चित्रांची कार्डे दोघींभोवती पसरली. साऱ्या रिंगणाने उभे राहून आरोळी ठोकली. दुसरा भोंगा अजून झाला नव्हता. आयली दोन्ही हातांनी कार्डे गोळा करू लागली.

तेव्हा काचेवर थाप बसली.

आयलीने मान वर केली. निका उभी होती. कानांवरची आवरणे गळ्यात घसरली होती, म्हणजे ती सारी आरोळी तिच्या कानांत शिरली होती. अशा वेळी ती काय करते हे आयलीला ठाऊक होते, आणि ती तिच्या मनगटाकडे पाहू लागली. मनगट तोंडात नव्हते. हात काचेवर होता, आणि त्या हाताने काचेला चिकटवून धरले होते एक चघळलेले, फुगलेले, ठिपक्यांनी भरलेले कार्ड. लाल तळवा. निका इतर कोणाकडे पाहत नव्हती. ती आयलीकडे पाहत होती.

दारलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. कोणीही तिच्या बोटांत कार्ड ठेवले नव्हते.

आयलीच्या मुठींत चित्रांचे दोन जुडगे होते आणि गुडघ्यांभोवती उरलेली सर्व. आणखी थोडा वेळ, आणि सोमवारचा प्रश्न सुटत होता. पण त्या लाल तळव्याचा अर्थ तिनेच ठरवला होता. तो वर झाला की थांबायचे, हा घास झाल्यावर नाही, एवढे उचलल्यावर नाही, त्याच क्षणी. एवढे एकच वचन त्या पुठ्ठ्यात होते. आता तिने आणखी एक कार्ड जरी उचलले असते, तरी निकाने इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा उच्चारलेला शब्द खोटा पडला असता, आणि जो शब्द पहिल्याच वेळी खोटा पडतो तो ती मुलगी पुन्हा कशाला उच्चारील?

आयलीने मुठी उघडल्या. चित्रे पडली. ती बर्फावर बसली, शिरस्त्राण काढून बाजूला ठेवले, आणि आपला रिकामा तळवा निकाला दिसेल असा वर धरला. वर्गात ती असेच करी. म्हणजे: पाहिले, थांबले.

“अरेरे, बाई दमल्या वाटतं!” ध्वनिक्षेपक म्हणाला.

निकाने आपल्या कार्डाकडे पाहिले, मग आयलीकडे, मग पुन्हा कार्डाकडे. एखाद्याने दिवा लावण्याची कळ प्रथमच दाबून पाहावी तसा तिचा चेहरा झाला होता. ती खाली बसली आणि कार्ड चघळू लागली.

दुसरा भोंगा झाला तेव्हा आयलीच्या हातात काही नव्हते.

खेळाडूंच्या कपडे बदलण्याच्या खोलीत मार्नी बाकावर बसून रुमालात गुंडाळलेला बर्फ ओठाला लावत होती. आयली तिच्यासमोर उभी राहिली. क्षमा मागायची म्हणजे नेमके काय म्हणायचे, हे तिला सुचेना.

“दाखव बघू. टाका पडेल का?”

“नाही हो. नुसता फुटलाय.” मार्नीने रुमाल हलवला. “बाई, एक विचारू? तो संच तुम्हाला कोणासाठी हवा होता?”

“निकासाठी. आणखी कोण आहे? सोमवारपासून तिची कार्डं बंद.”

मार्नी हसू लागली आणि ओठ दुखला म्हणून थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. “मलापण.”

“मलापण म्हणजे?”

“मलापण निकासाठीच. डुएनच्या बाहेरच्या खोलीत ऐकलं मी, कार्डं बंद करणार म्हणून. म्हटलं, आपण तरुण आहोत, आपण धावू. सोमवारी सकाळी तुम्ही यायच्या आत टेबलावर ठेवणार होते. नाव न घालता.”

आयली बाकावर बसली. “मग सांगायचं नाहीस का, मुली?”

“विचारलं होतं की. तुम्ही म्हणालात, मला काही नको.”

“तूही तेच म्हणालीस!”

“मग काय म्हणणार? हवंय म्हणू?”

बाहेर सामना पुन्हा सुरू झाला होता.

दार वाजले. डुएन टोपी हातात धरून आत आला. त्याने काचेपाशी घडलेले पाहिले होते, आणि तो वाईट माणूस नसल्यामुळे त्याचा चेहरा उतरला होता.

“आयली, मी काय म्हणतो... ती मुलगी... असू देत तिची कार्डं. सोमवारी येऊ देत. मी नर्सबाईंशी बोलतो. काही तरी करतो.”

“हे तुला परवाही करता आलं असतं.”

“हो, पण...”

“आणि तो फलक बाजूला काढून ठेवता आला असता.”

डुएनने टोपी फिरवली. पेन जवळ नव्हते. “लोकांना आवडला गं खेळ. पुढच्या वर्षी मोठा करू म्हणतायत.”

“पुढच्या वर्षी गावाचा कणा तू हो,” आयली म्हणाली. “ते शिरस्त्राण मात्र आधी धुऊन घे.”

तो गेला. आयलीने बेसिनपाशी जाऊन कपाळ साबणाने धुतले, मग पुन्हा धुतले. तो अनोळखी घाम जात असेल, पण स्वतःचा तो ‘सोड’ काही जाईना.

रविवारी दुपारी मार्नी आयलीच्या घरी आली. ओठ सुजलेला, एका हातात आजीच्या पद्धतीने केलेला अक्रोडाचा गुंडाळीचा पाव, दुसऱ्या हातात फाटलेले लाल खोके.

“सामना संपल्यावर कडेला ढकलून ठेवलं होतं. कोणी घेतलं नाही. फाटकं म्हणून.”

दोघींनी कार्डे टेबलावर पसरली. जाड, चकचकीत, पुसता येण्याजोगी. आयलीने पाण्याचे कार्ड उचलले. त्यावर एक कप होता. त्या कपाला मोठे डोळे होते, गोबरे गाल होते, आणि तो दात काढून हसत होता. स्वच्छतागृहाचे भांडेही हसत होते. बिछाना डोळा मारत होता.

“शी!” आयली म्हणाली. “कपाला डोळे कशाला? आणि तो पाहतोय कोणाकडे?”

“मुलांना आवडतं म्हणे.”

“कोणत्या मुलांना? निकाला हे दाखवलं तर ती पाणी पिणंच सोडेल. आणि यासाठी मी तुझा ओठ फोडला!”

ही क्षमायाचना आहे, हे मार्नीला कळले. तिने फक्त एक कार्ड उलटे केले. मागची बाजू कोरी होती. तशीच जाड, तशीच पुसता येण्याजोगी, पांढरीशुभ्र.

आयलीने ती बोटाने घासून पाहिली. मग उठून कपड्यांवर नावे घालण्याची, धुऊन न जाणारी शाई आणली. तिने पोचा पडलेला निळा कप काढला. मार्नीने हिरव्या कडीचे दार काढले. कडी उजवीकडे काढू लागली, तेव्हा आयलीने तिचा हात धरून ती डावीकडे काढवली. हसणाऱ्या वस्तू टेबलाकडे तोंड करून पालथ्या पडल्या होत्या, आणि त्यांच्या पाठींवर निकाचे जग एकेक वस्तूने पुन्हा उभे राहत होते. जुनी कार्डे घाण होती. नर्सबाई त्याबाबतीत खोटे बोलल्या नव्हत्या, आणि ती वर्गात आता नकोतच, हे आयलीनेही ठरवले. मात्र एवढ्या सरळ गोष्टीचा रस्ता ट्रकच्या पोटातून आणि गावाच्या हशातून का जावा, याचे उत्तर तिला त्या दिवशी मिळाले नाही, आणि नंतरही कोणी दिले नाही.

लाल तळवा तिने सर्वांत शेवटी काढला. त्यासाठी मार्नीने स्वतःचा हात कार्डावर ठेवला आणि आयलीने कडेने रेघ ओढली.

ताटलीत पावाचा एक तुकडा उरला होता.

“तुम्ही घ्या, बाई.”

“नको, तू...” आयली थांबली. मग सावकाश, न सरावलेल्या जिभेने म्हणाली, “मला हवाय. खरं तर मघापासून हवाय. तुला?”

मार्नी लाजली. “मलापण.”

“मग आण ती सुरी. आणि अर्ध्याचा अर्धा करू नकोस. सरळ दोन कर.”

सोमवारच्या स्थानिक वृत्तपत्रात बर्फावर पालथ्या पडलेल्या ग्रंथपालाचे छायाचित्र आले, आणि खाली लिहिले होते की गावाने आपल्या शिक्षकांचा मोठ्या मनाने सन्मान केला. आयलीने तो कागद वाचला, त्यात शाईने माखलेली बोटे पुसली आणि तो केराच्या टोपलीत टाकला. बोळाच्या टोकाच्या खोलीत निकाने नवी कडी हुंगली, नव्या कपाच्या चित्राला जिभेने चाटून पाहिले, आणि मग ते कार्ड आयलीच्या हातात दिले. आयलीने कार्ड फडक्याने पुसले आणि पोचा पडलेल्या निळ्या कपात पाणी ओतले.

त्या मुलीला तिचा शब्द कधी विसरायला न लागो. जो तिच्याकडून तो शब्द पाहील, त्याच्या मुठी त्याच क्षणी उघडण्याएवढे बळ त्याला लाभो. आणि जे गुडघ्यांवर आणले गेले, आणि जे ते पाहून हसले, त्या सर्वांचेच हात स्वच्छ होवोत.